आधी मासा ओळख

पनवेल

चि. सोन्या यास,


उजनी धरणाच्या काठावरचा तुझा फोटो पाहिला. खाली लिहिलंयस, "आत्या, हा बघ रोहू!" अरे वेड्या, तो सायप्रिनस आहे. पाठीवरचा पर बघ किती लांब पसरलाय, आणि तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. रोहूच्या ओठांना झालर असते, पर तांबूस. कटल्याचं डोकं भलं मोठं, खालचा जबडा वर आलेला, मिशी औषधालाही नाही. तो वरच्या पाण्यात चरतो. मृगळ सडसडीत, तळ हुंगत फिरणारा. मी कधी गळ धरला नाही, पण पनवेलच्या बाजारात विकणाऱ्या बायकांशी घासाघीस करता करता एवढं शिकले.

तू म्हणशील, खायचाच तर आहे, नाव कशाला हवं? राजा, ठेवायचा की सोडायचा हे नावावरच ठरतं. चिलापी मिळाली तर खुशाल घरी ने. तिची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून तर ती उजनीत एवढी माजलीय. मरळीचं मात्र वेगळं. पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला की खाली आईबाप राखणीला असतात. तिथे गळ टाकू नकोस. ते गेले की पिल्लं इतरांच्या तोंडी जातात. आणि अंगावर हाडासारखं चिलखत असलेला तो सकर मासा, लोकांनी हौसेच्या काचपेट्यांतून आणून सोडलेला, तो लागला तर दया म्हणून परत पाण्यात टाकू नकोस. शिंगटीला उघड्या हाताने धरू नकोस, काटा फार ठणकतो.

तुझे आजोबा वलगणीला गाढी नदीवर कंदील घेऊन जायचे. पहिल्या पावसात मासे प्रवाहावर चढायचे, सगळा गाव टोपल्या भरायचा, आणि आजोबा पोट फुगलेली मादी दिसली की पाण्यात सोडून यायचे. आजी चिडायची. रस्सा पातळ व्हायचा ना!

इकडे सगळं ठीक. काकांचा गुडघा कुरकुरतो, तरी संध्याकाळी वडाळे तलावाला फेरी मारतातच. आता नव्या विमानतळाची विमानं दिसतात, तर मान वर करून चालतात. मला त्यांचीच धास्ती.

आणि तुझी. उजनीचं पाणी ओसरलं की काठाचा गाळ वरून सुकलेला दिसतो, आत पाय रुततो. एकटा जाऊ नकोस. होडीत बसायची वेळ आली तर जाकीट घातल्याशिवाय पाय ठेवू नकोस. २०२४ च्या मे महिन्यात कळाशी-कुगावच्या मधे वादळी वाऱ्यात होडी उलटली, सहा जण गेले. वारा सुटला की गळ गुंडाळ, मासा लागलेला असला तरी. तिथले मच्छीमार भिगवणच्या बाजारासाठी जाळी टाकतात, त्यांचं पोट त्यावर आहे. कुठे बसू, हे त्यांनाच विचार. आभाळ बघून ते घरी निघाले की तूही निघ.

पुढच्या वेळी फोटो पाठवशील तेव्हा मासा आडवा ठेव, पर पसरून, तोंड नीट दिसेल असा. तुझं हसू कितीही गोड असलं तरी त्यावरून मला मासा ओळखता येत नाही. आणि दिवाळीचं तिकीट काढलंस का ते कळव.

तुझी,
आत्या