परावलंबन आणि पारतंत्र्य

कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या पुष्कळ आगगाड्यांना घाट चढण्यासाठीं मागून आणखी इंजिनें जोडावीं लागतात. ३७ फुटांस १ फूट असा तो चढ आहे. म्हणून गाडी पराधीन झाली असें कोणी म्हणत नाहीं. साहाय्य उघड असतें, त्याचें प्रयोजन ठाऊक असतें, आणि घाट संपतांच तीं इंजिनें सुटीं होतात. परावलंबन निराळें व पारतंत्र्य निराळें. हा भेद ध्यानांत धरून आपल्या खिशांतील स्मार्टफोनकडे पाहावें.

यंत्र ज्या सॉफ्टवेअरनें चालतें तें तपासण्याची, बदलण्याची व दुसऱ्यास देण्याची मोकळीक धन्यास असावी, असा आग्रह रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ पासून धरला. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. २०१० सालीं सुरू झालेल्या रेप्लिकंट या उपक्रमानें अँड्रॉइडमधील बंद भाग काढून तेथें मुक्त भाग बसविण्याचें काम आरंभिलें. मनोऱ्याशीं संपर्क ठेवणाऱ्या मोडेमचें सॉफ्टवेअर मात्र बंदच राहिलें. उलट २०१४ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, सॅमसंगच्या कांहीं गॅलक्सी फोनांत मोडेमला फोनमधील फाइली वाचण्याची व लिहिण्याची वाट होती. ती कोणी वापरली कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. धन्याला ती ठाऊकच नव्हती, हें पारतंत्र्य होय.

कोणी म्हणेल, खालापूरच्या शेतकऱ्यास हें सॉफ्टवेअर वाचून काय करावयाचें आहे? पतपेढीचा ताळेबंदही प्रत्येक सभासदास उमगत नाहीं; तथापि विश्वासांतल्या जाणत्याकडून तो तपासून घेतां येतो, येवढ्यानेंच चिटणीस जपून वागतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. फोनची मूळ प्रणाली बदलली कीं कित्येक बँकांचीं ॲपें चालत नाहींत. ज्याची मजुरी फोनवरच जमा होते, त्यास असल्या त्यागाचा उपदेश करण्याचा अधिकार सुखवस्तु माणसास नाहीं. तेव्हां हें कर्तव्य प्रथम ज्यांना झीज सोसवते त्यांचें आहे. अमेरिकेंतील फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें ऑक्टोबर २०२५ मध्यें जाहीर केलेला लिबरफोन प्रकल्प फोनमधील अशा उरलेल्या बंद भागांच्याच मागें लागला आहे. त्याला यश येण्यास काळ लागेल. तोंपर्यंत जें बंद आहे त्यास बंद म्हणावें, सोयीला स्वातंत्र्य म्हणूं नये, आणि बँका व सरकारी कचेऱ्या यांनीं मुक्त फोन घेणाऱ्यास दार लावूं नये असा आग्रह धरावा. येवढें तरी सुशिक्षितांस शक्य आहे.