इंद्रियांचा गाभारा

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. तेथे सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या खाली उतरावे, तेव्हा गाभारा लागतो. आणि वर पाहावे तो शिखर अपुरे, आकाश उघडे. असेच एक खोल अंतर्गृह आपल्या प्रत्येकाच्या मस्तकात आहे. शरीरशास्त्रज्ञ त्याला थॅलॅमस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही आतली खोली असाच आहे.

मेंदूच्या मध्याशी दडलेल्या या दोन अंडाकृती पिंडांच्या मागच्या अंगाला, वाकलेल्या गुडघ्यासारखे लहान उंचवटे असतात. बाहेरच्या बाजूचा डोळ्यांचा, आतल्या बाजूचा कानांचा. पाहिलेले वा ऐकलेले आधी येथे येते, मग मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या सालीत पोचते. गंध तेवढा या दारी न थांबता पुढे जातो.

हे नुसते टपाल पुढे धाडणारे ठाणे असते, तर नीतिविचाराला तेथे काम नव्हते. पण दृष्टीच्या उंचवट्यात येऊन मिळणाऱ्या जोडांपैकी डोळ्यांकडून येणारे जेमतेम दहांत एक. त्यांहून कितीतरी अधिक बाह्यकाकडून उलट खाली उतरतात. वार्ता डोळेच आणतात, हे खरे; परंतु कोणती ठळक व्हावी आणि कोणती मंद, यात आपल्या आतल्या अपेक्षांचाही हात असतो. उल्हासनगरात रुळांशेजारी राहणारी आई धडधडत्या गाडीने जागी होत नाही. तान्हे जरा कुरकुरले की उठून बसते.

ममतेला जे साधते, ते बेपर्वाईलाही साधते. त्या शिवालयालगतच वालधुनी वाहते आणि पुढे उल्हासनगरातून जाते. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचे पाणी काळवंडले. बदलापूरहून तिच्या काठी नोकरीला आलेला माणूस पहिले काही दिवस नाकाला रुमाल लावतो. पुढे त्याला नदी दिसेनाशी होते, आणि तो पहारा चुकवून येणारा वासही सवयीने बोथट होतो.

‘माझ्या लक्षातच आले नाही,’ असे आपण सहज म्हणतो. त्या क्षणापुरते ते खरेही असेल. पण पहारेकऱ्याला शिकवले कोणी? आज ज्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करावा, ते उद्या आपोआप दिसेनासे होते. तेव्हा एखादे वेळी न दिसल्याचा दोष कोणाला लावू नये. न पाहण्याच्या सवयीचा मात्र ज्याचा त्याने स्वतःकडे घ्यावा.

दिवाळीत आपण दारी पणत्या लावतो. उजेड पडला म्हणजे दिसलेच असे नाही. त्या उजेडात कोणाकडे पाहायचे, हे ठरवणे उरतेच.