दिसणारी जखम

चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया कितीही लहान असो, तिच्यातून पुरते बरे होणे एकट्या रोग्याच्या हातात नसते. पोटावरचा व्रण कपड्याखाली राहतो. तो कोणाला दाखवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. नाकावरचे टाके मात्र दाराशी आलेल्या दूधवाल्यालाही दिसतात. जखम शरीर भरून काढते. चारचौघांत पूर्वीसारखे सहज वावरणे जमेल की नाही, हे त्या चारचौघांवरही अवलंबून असते.

माझ्या नाकपुडीच्या कडेला आलेली बारीक, चमकदार पुळी बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा निघाली. त्वचेच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा हा प्रकार. तो शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. पण दुर्लक्ष केले, तर जागच्या जागी खोल उतरून कूर्चा आणि हाडही पोखरतो. डोके, चेहरा, मान या उन्हात राहणाऱ्या भागांवर, आणि त्यातही नाकावर, तो जास्त होतो. गोऱ्या त्वचेच्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे त्याचे प्रमाण कमी आहे, कारण आपल्या त्वचेतले मेलॅनिन काही प्रमाणात संरक्षण देते. पण त्यातूनच ‘आपल्याला हा आजार होत नाही’ अशी समजूत तयार झाली आहे. शिवाय सावळ्या त्वचेवर तो बरेचदा काळपट दिसतो. तीळ असेल, मस असेल, असे म्हणत वर्षे निघून जातात.

सर्जनचे गणित मिलिमीटरमध्ये चालते. रोगट पेशी मागे राहता कामा नयेत आणि निरोगी त्वचा वाया जाता कामा नये. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोह्स या डॉक्टरांनी १९३०च्या दशकात यासाठी एक पद्धत विकसित केली. आज ती जशी करतात त्यात एक पातळ थर काढून त्याच्या सगळ्या कडा लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जिथे रोग उरलेला दिसेल, तेवढ्याच जागेवरून पुढचा थर घेतात. नाक, पापणी, ओठ यांच्यासाठी ही पद्धत विशेष मोलाची ठरली, कारण तिथे वाया घालवण्याइतकी त्वचा नसतेच.

पुढचे काम शरीराचे. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथले टाके साधारण आठवड्याभरात निघतात. टाके निघाले की घरचे समजतात, झाले. खरे तर तेव्हा जखमेला मूळ त्वचेच्या अगदी थोड्या अंशाइतकीच ताकद आलेली असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचते आणि त्यापुढे फारशी वाढत नाही. व्रणाची लाली उतरायला, कडकपणा जायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मधेच खाज सुटते, आजूबाजूचा भाग बधिर वाटतो, कारण कापल्या गेलेल्या बारीक नसा हळूहळू परत वाढत असतात. या काळात सांगितल्याप्रमाणे मालीश करणे आणि ऊन टाळणे, एवढेच आपण करायचे. त्वचा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, ती पुरेशी होते. चेहऱ्याच्या बाबतीत हा फरक मनाने मान्य करणे हेच बरे होण्यातले सर्वांत अवघड काम आहे, असे मला वाटते.

या काळात लोक भेटतात. ‘पडलात का?’ हा पहिला प्रश्न. माझी वहिनी मायेने म्हणाली, “ताई, पडले म्हणूनच सांगा. उगाच कॅन्सर कशाला म्हणायचं?” तिच्या काळजीमागचे कारण मला ठाऊक होते. घरात लग्नाच्या मुली असल्या की कॅन्सर हा शब्द उंबऱ्याबाहेर जाऊ नये, असे आजही अनेक घरांत वाटते. बेसल सेल कार्सिनोमा मोठ्या प्रमाणात उन्हाशी जोडलेला आजार आहे आणि तो कोणाच्या संसर्गाने होत नाही, हे समजावण्यापेक्षा ‘पडले’ म्हणणे सोपे. पण ते सोपे उत्तर दुसऱ्याला महाग पडू शकते. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या गालावरही तसाच न भरणारा फोड असू शकतो, आणि आपण खरे बोललो तरच तो डॉक्टरकडे जाईल.

ही लपवाछपवी आपल्याकडेच आहे, असेही नाही. १९८५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या नाकावरून हाच कर्करोग काढला गेला, तेव्हा व्हाइट हाउसने सुरुवातीला सरळ उत्तर दिले नव्हते. शेवटी रेगन यांनी स्वतःच ते सांगितले. याउलट २०१३ मध्ये अभिनेता ह्यू जॅकमन याने नाकावर पट्टी असलेला फोटो लोकांपुढे ठेवला आणि त्वचा तपासून घ्या, सनस्क्रीन लावा, असे आवाहन केले. ज्याचा चेहराच त्याचा व्यवसाय आहे, त्याने पट्टी दाखवली, याचे मोल मला मोठे वाटते.

या विषयाची एक गोष्ट पुण्याशी जोडलेली आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा भुवयांच्या मध्ये जोडलेली ठेवून खाली वळवली आणि तिचे नवे नाक बनवले. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये त्याचा सचित्र वृत्तांत छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागला, तर आजचे सर्जनही कपाळाची त्वचा अशीच खाली आणतात.

नाक छाटण्याची शिक्षा जीव घेण्यासाठी नसे. माणसाला चारचौघांत तोंड दाखवता येऊ नये, यासाठी असे. म्हणून त्या कारागिराने कावसजीला श्वासाच्या वाटेबरोबर लोकांतली जागाही परत दिली, असे मी मानते. त्या चित्रात कावसजीच्या कपाळावरचा व्रण स्पष्ट दिसतो. तो लपवून चित्र काढावे, असे कोणाला वाटले नाही. उपचार झाल्याचा तो पुरावाच होता.

माझ्या नाकावरच्या व्रणाकडे मी तसेच पाहते. आता कोणी विचारले, तर कॅन्सर होता, काढला, आता तपासणीला जाते, एवढे सांगते. तपासणी लागतेच, कारण एकदा हा आजार झालेल्याला दुसऱ्या जागी तो पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते. सांगितल्यावर बहुतेकजण क्षणभर गप्प होतात आणि मग स्वतःच्या एखाद्या डागाबद्दल विचारतात. ते विचारतात, म्हणूनच सांगणे सार्थकी लागते.

शेतात, बांधकामावर, रस्त्यावर उन्हात राबणाऱ्यांना ऊन टाळता येत नाही. पण टोपी, पदर, रुमाल यांनी चेहरा झाकता येतो. महिनाभरात न भरणारा फोड, पुन्हापुन्हा खपली धरून रक्त येणारी जागा, वाढत जाणारा काळा ठिपका त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आणि चेहऱ्यावर पट्टी असलेले कोणी भेटले, तर नजर चुकवू नका. काय झाले ते सरळ विचारा, उत्तर ऐका आणि मग पूर्वीसारख्याच रोजच्या गप्पा मारा. बरे होणाऱ्या माणसाला औषधाइतकीच त्याची गरज असते.