एकच उत्तर

वाङ्मयाच्या परीक्षेंत विद्यार्थी कां अडखळतात, हा प्रश्न आम्हां शिक्षकांच्या बैठकींत वरचेवर निघतो, आणि त्याचें उत्तरहि ठरलेलें असतें. मुलें मूळ पुस्तकें वाचीत नाहींत, मार्गदर्शिकांवर विसंबतात, वाचनाला लागणारा धीर उरलेला नाहीं. हीं कारणें खोटीं आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. ज्यानें नाटक हातींहि धरलें नाहीं तो चार पर्यायांपैकीं एकावर खूण करून गुण मिळवितो, आणि ज्यानें तें दोनदां मन लावून वाचलें तो त्याच प्रश्नापाशीं खोळंबून राहतो, असें डोळ्यांदेखत घडतें तेव्हां सगळा दोष विद्यार्थ्याच्या आळसावर टाकून सुटतां येत नाहीं. प्रश्न मग परीक्षेपुरता राहत नाहीं, नीतीचा होतो. ज्या गोष्टीला एकच उत्तर नाहीं तिचें एकच उत्तर मागणें, आणि तें न देणाऱ्यास चुकला म्हणणें, हें न्यायाचें आहे काय?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचला नाहीं. गेल्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं ताथवड्यास आमच्या घरीं एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. प्राध्यापकाच्या जागेसाठीं लागणारी ‘नेट’ परीक्षा ती मराठी विषय घेऊन उत्तीर्ण झाली होती. मुलगी मावळांतल्या शेतकऱ्याच्या घरची. घरांत पुस्तक म्हणाल तर एक पोथी आणि धाकट्या भावाचीं क्रमिक पुस्तकें. आम्हांस अर्थातच फार आनंद झाला. ‘या खेपेस कसें साधलें?’ असें विचारतां ती हंसून म्हणाली, ‘सर, तुमच्या त्या सुधाकराच्या प्रश्नानें मी शहाणी झालें. आतां मी फार विचार करीत नाहीं. प्रश्न काढणाऱ्याला काय हवें असेल, तेवढें ओळखतें.’ तिच्या बोलण्यांत टोमणा नव्हता; ती खरोखरच आभार मानीत होती. म्हणूनच हातांतला पेढा आमच्यानें लवकर संपेना.

तो सुधाकराचा प्रश्न आमचाच होता. २०२० सालीं साथीमुळें नेहमीच्या लेखी परीक्षा घेणें अशक्य झालें, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीं पर्यायांचे प्रश्न घाईनें काढावे लागले. ते काढणाऱ्यांत आम्ही होतों. राम गणेश गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक नेमलेलें होतें. १९१९ सालीं, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलेलें हें नाटक मराठी घरांत कोणास ठाऊक नाहीं! आम्हीं विचारलें: ‘सुधाकराच्या अधःपाताचें मुख्य कारण कोणतें?’ पर्याय चार: मद्यपान, तळीरामाची संगत, न्यायालयांतील मानभंग, आणि सुधाकराचा मानी स्वभाव. उत्तरसूचींत आम्हीं ‘मद्यपान’ लिहिलें. नाटकाच्या नांवांतच प्याला आहे. आणखी काय पाहिजे?

या मुलीनें ‘मानी स्वभाव’ यावर खूण केली होती. तिनें फोन करून आपलें म्हणणें मांडलें. सुधाकर हा वकील. न्यायासनापुढें त्याचा पाणउतारा होतो, सनद कांहीं काळ स्थगित होते, आणि त्या दुःखाच्या भरांत तळीराम त्याच्या हातीं पहिला प्याला देतो. ती म्हणाली, ‘अपमान इतरांचेहि होतात. तळीरामासारखे मित्रहि पुष्कळांना असतात. पण हा माणूस इतका मानी नसता तर तो अपमान त्याला एवढा लागला नसता, आणि लागला नसता तर प्याल्याची गरजच पडली नसती. मग मूळ कारण कोणतें, सर?’ या युक्तिवादाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. उलट, तिसऱ्या पर्यायाच्या बाजूनेंहि तितकेंच चांगलें बोलतां येईल असें त्याच क्षणीं आमच्या ध्यानांत आलें. तरी आम्हीं तिला सांगितलें कीं सूची गेली आहे, ती आतां बदलतां येणार नाहीं. एकीला गुण दिला तर उद्यां शंभर जण येतील. हें सर्व खरें होतें. मात्र तिचें उत्तर अयोग्य नाहीं, एवढें साधें वाक्यहि आम्हीं उच्चारलें नाहीं. गुण एकच गेला, त्यानें तिचें कांहीं अडलें नाहीं. परंतु त्या एका गुणाबरोबर तिनें जो धडा घेतला, तो आमच्या तीन वर्षांच्या शिकवण्यापेक्षां पक्का निघाला.

पर्यायांचा प्रश्न मुळांतच वाईट, असें आमचें मत नाहीं. अमुक नाटक कोणाचें, अमुक पात्र कोणत्या कादंबरींतलें, केशवसुतांचें खरें नांव कोणतें, या प्रश्नांना एकच उत्तर असतें आणि तें चार पर्यायांत सुखानें मावतें. घोटाळा होतो तो अर्थाशीं गांठ पडली म्हणजे. आपल्या साहित्यशास्त्रानें हा भेद फार पूर्वीं ओळखला होता. अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित मम्मट याच्या ‘काव्यप्रकाशां’त ‘सूर्य मावळला’ अशा अर्थाच्या एका साध्या वाक्याचें उदाहरण आहे. वाच्य अर्थ सर्वांना एकच. परंतु सेनापतीनें तें ऐकलें तर शत्रूवर घाला घालण्याची वेळ झाली. गुराख्यानें ऐकलें तर गुरें गोळा करण्याची. दुकानदारानें ऐकलें तर माल आवरण्याची. आणि कोणाची वाट पाहत असलेल्या स्त्रीनें ऐकलें तर तो अजून आला नाहीं याची! वाच्यार्थ ठरलेला असतो, व्यंग्यार्थ मात्र बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांप्रमाणें पालटतो, म्हणूनच तो निराळा मानला पाहिजे, असा तेथील युक्तिवाद आहे. आतां हेंच वाक्य देऊन खालीं चार पर्याय लिहा, आणि ‘सर्वांत योग्य अर्थ निवडा’ असें म्हणा. गुराखी उत्तीर्ण होईल आणि ती स्त्री नापास होईल. कां, तर प्रश्न काढणाऱ्याच्या घरीं गुरें होतीं!

आमच्या शेजारीं चाकणच्या एका कारखान्यांत माल तपासण्याच्या कामावर असलेले गृहस्थ राहतात. त्यांनीं आम्हांस एकदां भोंक तपासण्याचें ‘गो–नोगो’ गेज समजावून दिलें. त्याचें एक टोक भोंकांत शिरलें पाहिजे, दुसरें शिरतां कामा नये. दोन्ही जमलें तर वस्तु पास, नाहीं तर बाद. तपासणाऱ्याची मर्जी, त्याचा थकवा, कामगाराची जात वा ओळख, यांतलें कांहींहि आड येत नाहीं. आम्हांस त्या गेजाचा हेवा वाटला. परंतु त्या भोंकाचें माप तें पाडण्याच्या आधींच नकाशावर लिहिलेलें असतें. मर्ढेकरांच्या पिंपांतल्या उंदरांच्या कवितेचा असा नकाशा कोणापाशीं आहे? तींत कोणी महायुद्धांतलें मरण वाचलें, कोणी यंत्रयुगांतल्या माणसाची कोंडी वाचली. तेथें गेज लावावयाचें तर आधीं कोणीतरी नकाशा कल्पिला पाहिजे, आणि मग विद्यार्थ्याची परीक्षा कवितेवर होत नाहीं, त्या कल्पिलेल्या नकाशावर होते.

तथापि ही पद्धति कोणा दुष्टानें काढली नाहीं. तिचा उगम न्यायाच्या इच्छेंतच आहे. १९१२ सालीं अमेरिकेंत स्टार्च व इलियट या दोघांनीं इंग्रजी विषयाच्या त्याच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच पत्रिकेला कोणीं शंभरांपैकीं ६४ गुण दिले तर कोणीं ९८. १९१४ सालीं फ्रेडरिक केली यानें शिक्षकांच्या गुणदानांतील याच तफावतीवर प्रबंध लिहिला, आणि पुढल्या वर्षीं कॅन्सस संस्थानांतील शाळांसाठीं अशी वाचनचांचणी रचली कीं तपासणाऱ्याच्या मतास जागाच राहूं नये. पर्यायांच्या प्रश्नाचा वंश तेथून वाढला. आपल्याकडे ‘नेट’ परीक्षेंतला विस्तारानें लिहिण्याचा पेपर २०१२ च्या जूनपासून बंद झाला. आज त्या परीक्षेंत तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवावे लागतात, म्हणजे प्रश्नामागें बहात्तर सेकंद. वाङ्मयाचा भावी अध्यापक वाङ्मयाविषयीं स्वतःचें एकहि वाक्य न लिहितां तेथें पात्र ठरतो.

मग जुनी निबंधवजा परीक्षाच परत आणावी काय? येथें आमच्यासारख्यांनीं जरा थांबून विद्यार्थ्यांचें ऐकलें पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानें राज्यसेवेची मुख्य परीक्षा पुन्हां वर्णनात्मक करण्याचें ठरविलें, तेव्हां २०२३ च्या आरंभीं पुण्याच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले, आणि तो बदल २०२५ पर्यंत पुढें ढकलावा लागला. त्यांच्या तोंडीं मुख्य मागणी तयारीला वेळ मिळण्याची होती. परंतु आमच्या ओळखीचे जे विद्यार्थी या परीक्षांना बसतात, त्यांच्या मनांत आणखी एक भय असतें, आणि तें आम्हांस निराधार वाटत नाहीं. आम्हीं तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. पहिल्या गठ्ठ्यांतली पत्रिका आणि रात्रीं अकरा वाजतां हातीं आलेली पत्रिका यांना आमच्याकडून सारखा न्याय मिळाला, असें शपथेवर सांगतां येणार नाहीं. वळणदार अक्षर, पुणेरी वाक्यरचना, ओळखीचे समीक्षक यांनीं आमचा हात सैल झालेला आहे. आणि एखाद्या खेडवळ मुलाचा खरा विचार, केवळ त्याची भाषा आमच्या कानाला रुचली नाहीं म्हणून, आमच्या लाल शाईखालीं गेलाहि असेल. पर्यायांपुढें असा मुलगा निदान अनामिक असतो. त्याच्या आणि गुणांच्या मधें आमचा कान येत नाहीं. ही लहान गोष्ट नव्हे.

दोन अन्याय आहेत, एक नाहीं. जुन्या परीक्षेंत तपासणाऱ्याचा पूर्वग्रह उत्तर वाचल्यानंतर शिरत असे. नव्या परीक्षेंत तो प्रश्न लिहितांनाच आंत जाऊन बसतो, आणि यंत्रानें गुण मोजले म्हणून तो निःपक्षपाती दिसतो. पहिल्या अन्यायाविरुद्ध निदान भांडतां येत असे, कारण तो माणसाचा आहे हें उघड होतें. दुसरा गणिताचा वेष घेऊन येतो. सूचीवर हरकत घेण्याची सोय असते. परंतु शुल्क भरून, पुराव्याचें पुस्तक जोडून. कवितेचा अर्थ स्वतःच्या मनानें लावणाऱ्यानें कोणतें पुस्तक जोडावें? २०१७ सालीं सारा होलब्रुक या अमेरिकन कवयित्रीनें जाहीरपणें लिहिलें कीं टेक्सस संस्थानांतील शालेय परीक्षेंत तिच्याच कवितांवर घातलेले प्रश्न तिला स्वतःला सोडवितां येत नाहींत. बॅनेश हॉफमन या गणितज्ञानें तर १९६२ सालींच अशा प्रश्नांवर पुस्तक लिहून दाखविलें होतें कीं यांत खोल विचार करणारा विद्यार्थीच अधिक फसतो, कारण प्रश्न काढणाऱ्याला न दिसलेल्या वाटा त्याला दिसतात.

विद्यार्थ्यांच्या अडखळण्याचें खरें कारण आमच्या मतें हें आहे. वर्गांत आम्ही त्यांना सांगतों कीं शंका घ्या, दुसरा अर्थ शोधा, पात्राची बाजू समजून घ्या. आणि परीक्षेंत सांगतों कीं यांतलें कांहीं करूं नका. जो आमचें वर्गांतलें बोलणें खरें मानतो तो अडखळतो. जो तें खरें मानीत नाहीं तो पार होतो.

यावर तोडगा अशक्य आहे असें नाहीं. नांवें, काळ, प्रकार, वृत्तें, यांसाठीं पर्याय खुशाल ठेवावे. अर्थाविषयीं विचारावयाचें तर ‘मुख्य कारण कोणतें’ असें न विचारतां, कोणता पर्याय नाटकाच्या आधारानें मुळींच टिकत नाहीं, असें विचारावें. कारण वाङ्मयांत बरोबर उत्तरें अनेक असलीं तरी सगळींच उत्तरें बरोबर नसतात. आणि निदान एका प्रश्नाखालीं चार ओळींची जागा कोरी ठेवावी, निवडलेल्या पर्यायाचें कारण लिहिण्यापुरती. ती अनामिक ठेवून दोघांनीं तपासावी. खर्च वाढेल, वेळ लागेल. परंतु न्याय स्वस्तांत मिळत नाहीं हें आपण इतर व्यवहारांत मान्य करतोंच.

त्या संध्याकाळीं आम्हीं कपाटांतून ‘एकच प्याला’ काढलें आणि तिला सांगितलें कीं त्या वेळीं तुझें उत्तर चूक नव्हतें. चूक सूचीची होती, आणि ती ठाऊक असूनहि आम्ही गप्प राहिलों. ती क्षणभर कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, ‘सर, आतां तो गुण मिळून काय उपयोग?’ तिचें म्हणणें खरेंच होतें. परंतु थोड्याच दिवसांत ती वर्गापुढें उभी राहील, आणि केव्हांतरी तिलाहि सुधाकरावर प्रश्न काढावा लागेल. जातांना तिनें तें पुस्तक मागून नेलें आहे.