टिटवाळ्यातून निघालेली क्रांती

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात नेत्याचा वाढदिवस आला की चौकाचौकांत फलक लागतात. त्यांवर तो ‘जनतेच्या मनातला राजा’ असतो, कधी सिंहासनावरही बसलेला दिसतो. खाली नळजोडणीपासून काँक्रीटच्या रस्त्यापर्यंत त्याने काय काय ‘दिले’ याची यादी असते. कामे झालेली असतात लोकांच्या कराच्या पैशांतून. ती कृपा म्हणून दाखवली की राजेशाही मोडणाऱ्या विचारालाच सुरुंग लागतो. माणसाचे हक्क आणि त्याचे श्रम कुणाच्या मर्जीवर चालणार नाहीत, हा तो विचार.

मराठीत तो कसा रुजला याची सुरुवातीची वाट परिचित आहे. लोकहितवादींनी १८४८ पासूनच्या शतपत्रांत पार्लमेंटची गरज मांडली. टॉमस पेन वाचलेल्या फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना. १९३९ मध्ये औंध संस्थानच्या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने सत्ता पंचायतींकडे सोपवली. औंधचे कौतुक व्हायलाच हवे; पण त्या कथेतही देणारा राजाच राहतो.

खरे वळण वेगळीकडे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आंबेडकरांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. त्या सभेने ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क मोडीत काढण्याचे ठराव केले, तेव्हा राजा गादीवरच होता. राजेशाही रद्द झाली सप्टेंबर १७९२ मध्ये, आणि उरलेली सरंजामी देणी भरपाईशिवाय जायला १७९३ उजाडले. म्हणजे सत्तेचा पाया आधी शेतात खचू लागला, गादी मागाहून गेली. आंबेडकरांच्या राजकारणाने हाच क्रम ओळखला होता. १९३७ मध्ये त्यांनी खोती ही कोकणातली जमीनदारी रद्द करण्याचे विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी मुंबईच्या विधिमंडळावर चालून गेले. त्या मोर्चात आंबेडकरांसोबत शामराव परुळेकर होते.

पुढे कम्युनिस्ट झालेले हेच शामराव आणि गोदावरी परुळेकर जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यात किसान सभेच्या परिषदेत दिसतात. टिटवाळा आज कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे आणि गणपतीच्या देवळासाठी प्रसिद्ध आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातले मूठभर वारली आदिवासी त्या परिषदेला आले होते. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात सभा भरली, तेव्हा वारल्यांची संख्या हजारांवर गेली होती.

पुष्कळ लोक चुकतात ते इथे. झरीनंतर पेटलेला वारल्यांचा उठाव मजुरीचा तंटा म्हणून वाचला जातो, किंवा बाहेरून आलेल्या शहरी पुढाऱ्यांनी पढवलेला बंडावा म्हणून. रोख बारा आण्यांची मागणी झाली, हे खरे. पण तिच्याबरोबर ठरले ते जमीनदाराच्या वेठीला, म्हणजे सक्तीच्या फुकट कामाला, न जाण्याचे. मजुरी मागणारा मालकाचा हक्क मानून घासाघीस करतो. वेठ नाकारणारा तो हक्कच मानत नाही. लग्नाच्या कर्जापायी नवराबायको दोघेही जमीनदाराचे राबते गडी होऊन जात, त्यांना लग्नगडी म्हणत. झरीनंतर गावोगाव जाऊन या लग्नगड्यांना मोकळे करण्यात आले. ही मुक्ती घडवली स्वतः वारल्यांनी. पढवलेल्या माणसांकडून हे होत नाही.

कायदा तर केव्हाच झालेला होता. ब्रिटिशांनी १८४३ मध्ये गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली, १८६० च्या दंडसंहितेने सक्तीची मजुरी गुन्हा ठरवली. तरीही १९३९ च्या सरकारी सिमिंग्टन अहवालाला ठाणे जिल्ह्यातल्या वेठीची नोंद करावी लागली. कागदावर राज्य लंडनमधल्या बादशहाचे होते. वारल्यांचा राजा पाड्याच्या वाटेवरच्या वाड्यात राहत होता आणि त्याला आव्हान देणे हीच राजद्रोहाची शिक्षा ओढवून घेणारी गोष्ट होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. उठाव मात्र थांबला नाही. शेजारच्या जव्हारचे संस्थान विलीन झाले ते १९४८ मध्ये, म्हणजे झरीच्या तीन वर्षांनंतर. फ्रान्समधलाच क्रम तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातही घडला, पण शाळेत बॅस्टिल शिकवताना झरीचे नाव निघत नाही.

वेठबिगार निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा यायला १९७६ उजाडले. त्यानंतरही याच जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला १९८० च्या दशकात बिगारी सोडवत फिरावे लागले. भिवंडी-कल्याण भागातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे आजही हंगामाआधी उचल घेऊन येतात आणि ती फेडत विटा पाडतात. डोंबिवलीत ज्या इमारतींच्या गच्चीखाली राजाचे फलक लागतात, त्यांच्या भिंती अशाच विटांच्या आहेत. उचलीचा हिशेब कोण ठेवतो, आणि तो त्या कातकऱ्याला वाचून कोण दाखवतो, हे नगरसेवकाला विचारणारा मतदार या शहरांत हवा आहे.