दुसऱ्या स्पर्शाची वाट

शास्त्रपाठ : मार्क ८ : २२–२६



बेथसैदा येथें प्रभूकडे एका आंधळ्यास आणिलें, ही कथा आपण सर्वांनीं पुष्कळ वेळां ऐकिली आहे; परंतु ती वाचतांना आपण बहुधा घाईनें शेवटाकडे धांवतों. प्रभूनें त्याचा हात धरून त्यास गांवाबाहेर नेलें, त्याच्या डोळ्यांस स्पर्श केला, आणि मग त्यास कांहीं दिसतें काय म्हणून विचारिलें. इतर आंधळ्यांच्या कथांत असा प्रश्न आढळत नाहीं, आणि या मनुष्याचें उत्तरही निराळें आहे. त्यास माणसें दिसलीं खरीं, पण चालत्या झाडांसारखीं. तेव्हां प्रभूनें पुन्हां त्याच्या डोळ्यांवर हात ठेविले, आणि मग त्यास सर्व स्पष्ट दिसूं लागलें.

या दोन स्पर्शांच्या मध्यें किती वेळ गेला हें शुभवर्तमानांत सांगितलेलें नाहीं. तो क्षणभरच असेल. परंतु आमच्या मंडळ्यांतून असे कित्येक जण आहेत कीं, ज्यांच्या आयुष्यांत हा मधला वेळ महिनेच्या महिने लांबला आहे. आज आम्ही त्यांच्याविषयीं लिहीत आहों. विशेषेंकरून क्षयरोगांतून बरे झालेल्यांविषयीं, कारण खेड्यापाड्यांतून फार दिवस अंथरुणास खिळविणारा असा जो सांसर्गिक रोग आपल्या ओळखीचा आहे, तो हाच.

प्रथम आमचा एक अपराध सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं गोदाकाठच्या एका खेड्यांतील मंडळींत उपकारस्तुतीची सभा होती. एका भगिनीनें क्षयावरील सहा महिन्यांचें औषध पुरें केलें होतें. थुंकीच्या तपासणींत जंतु उरले नव्हते, आणि डॉक्टरांनीं ती बरी झाल्याचें सांगितलें होतें. मंडळीनें तिच्यासाठीं फार प्रार्थना केली होती, म्हणून आनंदही फार झाला. गायन झाल्यावर तिला साक्ष देण्यास उभें केलें. ती उभी राहिली, पदराचें टोंक बोटाभोंवतीं गुंडाळीत राहिली, आणि एक शब्दही न बोलतां रडत खालीं बसली. सभा सुटल्यावर ओट्यावर कुजबूज झाली : देवानें एवढें केलें, तरी हिचें तोंड उतरलेलेंच, हिचा विश्वासच कमी. आम्ही त्या सभेस हजर होतों. आम्हीं तसें बोलून दाखविलें नाहीं, परंतु मनांत तेंच म्हटलें, आणि परत जातांना वाटेंत कृतघ्नतेवर एक उपदेशही रचूं लागलों. तो उपदेश आमच्या हातून कधीं झाला नाहीं, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतों. कारण पुढें त्या गांवच्या बायबल-बाईंनीं तिच्यापाशीं बसून जें ऐकिलें, तें आम्हांस सांगितलें.

ती रात्रीं दोन वाजतां जागी होऊन आपला श्वास मोजीत बसे. एकदां खोकला आला कीं, रोग परतला या भीतीनें तिच्या अंगाचें पाणी होई. डॉक्टरांनीं गरज नाहीं म्हणून सांगितलें असतांही तिनें आपला तांब्या व आपलें ताट निराळेंच ठेविलें होतें. धाकटा मुलगा गळ्यांत पडूं लागला म्हणजे ती तोंड फिरवी, आणि मग त्याला दूर लोटिलें म्हणून रडे. खुरपावयास गेली तर दोन ओळींतच दम लागे, आणि बरोबरच्या बायका पुढें निघून जात. “मी बरी झालें असें सगळीं म्हणतात, मग मला बरें कां वाटत नाहीं?” हा तिचा प्रश्न होता. भर सभेंत तो विचारण्याचें तिला धैर्य झालें नव्हतें, इतकेंच.

या प्रश्नाचें अर्धें उत्तर वैद्यकांत आहे. जंतु मरतात, परंतु त्यांनीं फुप्फुसावर पाडिलेला व्रण कित्येकदां राहतो. म्हणून रोग गेल्यावरही कोणास चढ चढतांना धाप लागते. शिवाय पहिले दोन महिने चार औषधें व पुढले चार महिने तीन, असा भार त्या शरीरानें वाहिलेला असतो. त्यांपैकीं आयसोनियाझिड या औषधानें क्वचित् कोणाचें मन बिघडतें. आणि नेहमींच्या औषधांस न जुमानणाऱ्या क्षयावर जें सायक्लोसेरीन देतात, त्यानें तर खिन्नता, भ्रम आणि मरणाचे विचारही येऊं शकतात. ज्याला असें होतें त्याचा त्यांत कांहीं दोष नाहीं. त्यानें औषध आपल्या मनानें सोडूं नये, तर डॉक्टरांस उघडपणें सांगावें; त्यावर उपाय असतात. ज्या खिन्नतेला पापाचें फळ समजून आम्ही उपदेश करावयास निघतों, ती कधीं कधीं गोळीचें फळ असते.

दुसरें अर्धें उत्तर मंडळीपाशीं आहे, आणि तें समजण्यास थोडें मागें जावें लागेल. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, त्यापूर्वीं क्षयावर खात्रीचें औषधच नव्हतें. रोग्यांस मोकळी हवा, विश्रांति व सकस अन्न मिळावें म्हणून आरोग्यधामें असत. मिरजेजवळ वानलेसवाडी येथें मिशनचें असेंच एक आरोग्यधाम होतें. पुढें औषधें निघालीं, आणि मद्रास शहरांत एक मोठा प्रयोग झाला, त्याचा निकाल १९५९ सालीं प्रसिद्ध झाला. घरीं राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामांतील रोग्यांइतकेच बरे होतात, मग घरचें अन्न बेताचें कां असेना, असें त्यांत दिसून आलें. आणि रोग्यास घरीं ठेविल्यामुळें घरच्या माणसांस रोग अधिक जडतो असेंही आढळलें नाहीं. तेव्हांपासून जगभर घरच्या उपचारास जोर आला. हा देवाचा फार मोठा उपकार होय, कारण खाटांची वाट पाहत मरण्याचें संकट त्यानें गरिबांवरून टळलें.

परंतु आरोग्यधामांत औषधपाण्याखेरीज आणखी कांहीं मिळत असे, तें घरीं आपोआप येत नाहीं. तेथें दिवसाला एक आकार होता. पडून राहण्याची वेळ ठरलेली, जेवणाची ठरलेली, आणि चालणें रोज थोडथोडें वाढवावयाचें. शेजारच्या खाटेवर तोच रोग सोसणारा मनुष्य असे, आणि त्याच्यापाशीं रात्रींची भीति बोलून दाखवितां येई. आतां रोगी घरीं आहे, तेव्हां हें सारें घरानें व मंडळीनें पुरवावयाचें आहे. आम्ही तें पुरवितों काय? औषध चालू असतां आशाताई दारीं येते. पोषणासाठीं सरकारी साहाय्य खात्यांत जमा होतें (तें एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये होतें, व नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झालें). बंधुजन प्रार्थनेस येऊन बसतात. मग शेवटली गोळी संपते आणि हें सर्व जवळजवळ एकदमच थांबतें. लोकांच्या हिशेबीं तो मनुष्य बरा झाला. त्याला मात्र त्याच दिवसापासून एकट्यानें चालावयाचें असतें.

एलीयाकडे पाहा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा जय मिळाल्यावर तो रानांत जाऊन एका रतामाच्या झुडपाखालीं बसला आणि मरण मागूं लागला (१ राजे १९). देवदूतानें त्याची कानउघाडणी केली नाहीं. त्यानें निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें उशाशीं ठेविलें. एलीया जेवला आणि पुन्हां झोंपला. देवदूतानें पुन्हां उठवून पुन्हां जेवूं घातलें, कारण पुढली वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. बोलणें झालें तें पुढें होरेबावर, आणि तेंही मंद स्वरानें. शेवटीं त्यास अलीशासारखा सोबतीही मिळाला. आम्ही उपदेशक लोक भाकरीचें काम बायांवर सोंपवून बोलण्यापासूनच आरंभ करतों. याईराची मुलगी उठली, तेव्हां प्रभूनें तिच्या आईबापांस तिला खावयास देण्याची आठवण केली, हेंही आम्हांस सहसा आठवत नाहीं.

आतां बेथसैदाच्या त्या मनुष्याकडे परत येऊं. बरें करणारा समोर उभा आहे, त्यानें हात लाविला आहे, आणि तो विचारीत आहे कीं, दिसतें काय? अशा वेळीं आपल्यापैकीं कोणीही भिडेनें म्हटलें असतें कीं, होय प्रभो, सर्व स्वच्छ दिसतें! या मनुष्यानें जसें दिसलें तसें सांगितलें, आणि प्रभु त्याच्यावर रागावला नाहीं. तुझा विश्वास अपुरा, असें म्हटलें नाहीं. पहिला स्पर्श फुकट गेला असेंही नाहीं. ज्यानें अपुरें दिसतें असें सांगितलें, त्याच्याच डोळ्यांवर दुसऱ्यांदा हात ठेवण्यांत आले. आमच्या साक्षीच्या सभांत अशा उत्तराला जागा आहे काय? त्या भगिनीला ती मिळाली नाहीं, हें आम्ही वर सांगितलेंच आहे.

जे स्वतः या मधल्या काळांतून जात आहेत, त्यांच्यासाठीं आतां दोन शब्द. भ्यालेलें मन आजच्या दिवसांत राहत नाहीं. तें एकतर गेलेल्या दुखण्यांत असतें, नाहींतर येणाऱ्या दुखण्यांत. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें उद्यांची चिंता उद्यांवर सोडावयास सांगितलें, पण त्याआधीं पक्ष्यांकडे व रानांतल्या फुलांकडे नीट पाहावयास सांगितलें. हें पाहणें आम्ही भाषणाची शोभा समजतों. वास्तविक तीही आज्ञाच आहे. सकाळीं दहा मिनिटें ओट्यावर बसावें. पायांखालची जमीन थंड आहे कीं ऊन हें जाणावें. चिमण्यांचा आवाज ऐकावा. ज्वारी निवडीत असाल तर दाणा बोटांस कसा लागतो तिकडे लक्ष द्यावें. मन भीतीकडे गेलें तर त्याच्यावर चिडूं नये. लेकराला हात धरून घरीं आणावें तसें त्यास आणावें, आणि तें पुन्हां गेलें तर पुन्हां आणावें. स्तोत्र १३१ रचणाऱ्यानें आपला जीव दूध तोडलेल्या बाळासारखा निवांत केला होता. दूध तोडलेलें बाळ एका दिवसांत शांत होत नाहीं, हें आयांस ठाऊक आहे.

कांहीं बंधूंनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, डॉक्टर लोक हल्लीं श्वासाकडे लक्ष देऊन बसावयास सांगतात, तें अन्यधर्मीयांचें साधन नव्हे काय? श्वास कोणीं दिला हें उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत लिहिलें आहे. देणाऱ्याचें स्मरण ठेवून त्याच्या देणगीकडे लक्ष दिल्यानें ख्रिस्ती मनुष्य बाटत नाहीं. आमची हरकत निराळीच आहे. ज्याचें फुप्फुस दुखावलेलें आहे, तो श्वासाकडेच पाहत बसला तर कित्येकदां भीति वाढते. अशानें श्वास सोडून हाताच्या कामाकडे किंवा आवाजाकडे लक्ष द्यावें. आणि भीतीलाही तिचा दिवस नेमून द्यावा. औषध संपल्यावर दोन वर्षेंपर्यंत दर सहा महिन्यांनीं तपासणीस जावयाचें असतें. तो दिवस भिंतीवरच्या पंचांगांत लिहून ठेवावा. त्याआधींच दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, ताप येऊं लागला किंवा वजन घटलें, तर आरोग्य केंद्रांत जाऊन थुंकी दाखवावी. एरवीं रात्रीं दोन वाजतां भीति आली, तर तिला तो लिहिलेला दिवस दाखवावा.

हें सर्व करूनही कोणाची झोंप व अन्न तुटलें असेल, दोन आठवडे मनावरचें मळभ हटत नसेल, किंवा मेलेलें बरें असें तोंडून निघूं लागलें असेल, तर प्रार्थना करा आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठा. त्यास एकटें सोडूं नका. फवारणीचें औषध घरांत असेल तर तें शेजाऱ्याच्या कुलपांत ठेवा. आमच्या खेड्यांत हें सांगणें भाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सरकारनें टेली-मानस ही दूरध्वनीची सोय सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतूनही बोलतां येतें. उपदेशकांनीं हा क्रमांक देवळाच्या दारावर लिहावा. मरण मागणाऱ्या एलीयाला देवानें नाकारिलें नाहीं, तर तसें मागणाऱ्याला आम्हीं ओट्यावरच्या कुजबुजींत कां न्यावें?

एक गोष्ट वडील मंडळींस. योग्य औषध नियमानें सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत रोग दुसऱ्यास लागण्याचा संभव पुष्कळ कमी होतो; आणि औषध पुरें होऊन जो बरा ठरला, त्याच्याजवळ बसण्यास भिण्याचें कारण नाहीं. तरी आम्हीं उपासनेंत अशा माणसाच्या दोन्हीं बाजूंस सतरंजी मोकळी पडलेली पाहिली आहे. येत्या रविवारीं त्या मोकळ्या जागेवर वडिलांपैकीं कोणीतरी जाऊन बसावें.

त्या भगिनीकडे बायबल-बाई दर गुरुवारीं दुपारीं जात. सूप व धान्य बरोबर नेत, आणि दोघी मिळून निवडीत बसत. पहिले कांहीं आठवडे बाईंनीं वचनही काढिलें नाहीं, “आज कसें दिसतें, बाई?” एवढेंच विचारीत. कधीं उत्तर येई, कधीं येत नसे. एकदां ती म्हणाली, “झाडांसारखींच दिसतात अजून.” बाईंनीं “बरें” म्हटलें आणि सूप पुढें ओढलें. पावसाळा गेला, सुगी आली. नाताळाच्या आधींच्या गुरुवारीं बाई गेल्या, तेव्हां कोनाड्यांतला निराळा तांब्या तेथें नव्हता. तो चुलीजवळ बाकीच्या भांड्यांत उपडा घातला होता. आणि धाकटा मुलगा शाळेंतून धांवत आला, त्यानें नेमका तोच उचलला, माठांतलें पाणी घेतलें आणि आईच्या अंगाला टेंकून घटाघटा प्याला.