माघार कोणी घेतली?

जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, भोकरदन, कुठल्याही तालुक्यात आतल्या रस्त्याला लागलं की एखाद्या गावाच्या कमानीजवळ रंग उडालेली पाटी दिसते: ‘तंटामुक्त गाव’. शेजारी बहुधा ‘हागणदारीमुक्त गाव’ ही दुसरी. समर्थ रामदासांचं जांब याच जिल्ह्यातलं, त्यामुळे मुक्ती हा शब्द इथं नवा नाही. पण पत्र्यावर रंगवून, वर ग्रामपंचायतीचं नाव घालून मिळालेली मुक्ती टिकते किती, हे पत्र्याचा गंजच सांगतो.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. गृहमंत्री होते आर. आर. पाटील. ग्रामविकास खात्यात असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावानं गावांना स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरवलं होतं. तीच युक्ती आता भांडणांना लावली. ग्रामसभेनं समिती निवडायची, दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे वहीत उतरवायचे, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून मिटवायचे. मग गुण, आणि गुणांवरून लोकसंख्येच्या मानानं एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस. पोलीस ठाण्यात गेलेली माणसं पारावर परत आणायची, हा हेतू. त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. रस्ता, गटार आणि सभामंडप यांच्यापलीकडे गावाला काही मोठं काम असतं, हे सरकारनं मान्य केल्याचा तो दुर्मीळ प्रसंग होता.

इथलं भांडण बहुतेक वेळा धुऱ्यावरून पेटतं. भावाभावांत वाटणी होते, एका गटाचे चार तुकडे पडतात आणि आतल्या तुकड्याला वाट राहत नाही. नुसती कपाशी होती तोवर बैलगाडी कशीबशी निघायची. मोसंबीची बाग झाली की व्यापाऱ्याचा टेम्पो थेट बागेपर्यंत यावा लागतो, तोही तोडणीच्या दिवशीच. वाट अडवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. कायदा आहे. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. तहसीलदार स्थळपाहणी करतात, आदेश निघतो, बंदोबस्तात जेसीबी येतो, रस्ता मोकळा होतो, आणि पुढच्या पेरणीला कोणीतरी तो पुन्हा नांगरून टाकतं. मग शिवीगाळ, काठी, आणि ‘तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा’. भारतीय न्याय संहितेनं हे आकडे बदलले, पण पारावर अजून जुनेच चालतात. निकाल लागेपर्यंत भांडणारे दोघंही थकलेले असतात आणि बाग वाळलेली.

असं भांडण जो खरोखर मिटवतो, त्याचं काम बैठकीच्या आधीच झालेलं असतं. तो दोनदा या घरी आणि दोनदा त्या घरी जाऊन चहा पिऊन आलेला असतो. कोणाच्या घरात यंदा लग्न आहे, कोणाचं सोसायटीचं कर्ज थकलंय, चारचौघांत ‘जाऊ द्या, मी सोडलं’ असं कोणाला म्हणता येईल आणि कोणाची जीभच रेटणार नाही, हे सगळं त्यानं जोखलेलं असतं. बैठकीत तो फारसा बोलतही नाही.

मोहिमेला ज्यांचं नाव दिलं त्यांनी हेच काम तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत केलं होतं. दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ या नात्यातल्या दोन व्यापाऱ्यांचा दावा होता आणि गांधी अब्दुल्लांच्या बाजूनं होते. त्यांनी प्रकरण लवादाकडे नेलं. अब्दुल्ला जिंकले, ३७,००० पौंड आणि वर खर्च तय्यब शेठनं द्यायचा ठरला. एवढी रक्कम एकदम भरायची तर त्यांचं दिवाळं निघालं असतं. लांब मुदतीचे हप्ते घ्यायला जिंकलेल्या अशिलाला राजी करणं गांधींना लवादापेक्षा जड गेलं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. ज्याचं पारडं जड होतं, त्यालाच इथं दोन पावलं मागं यावं लागलं.

तंटामुक्तीच्या गुणपत्रिकेला मात्र मागं कोण आलं हे दिसत नाही. तिला मिटलेले तंटे तेवढे मोजता येतात. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २००६ मध्ये भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पुढे काही वर्षांतच त्या गावाला तंटामुक्तीचं बक्षीस मिळालं. कागद तपासले तर सगळं नियमात बसतही असेल. वाचलेले भैयालाल गावाबाहेर पडले होते. तंटा करायला तिथं उरलं होतं कोण? अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, त्यामुळे तो समितीच्या वहीत चढत नाही. पण ‘गावाचं नाव खराब होईल’ हे वाक्य वहीत लिहावं लागत नाही, आणि लाखांचं बक्षीस समोर असलं की त्याला आणखी वजन येतं.

एवढं लांब तरी कशाला जायचं? महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला. प्रत्यक्षात भाऊ बहिणीला तालुक्याला आणतो, हक्कसोडपत्रावर सही होते, साडीचोळी होते आणि भाऊबीजेला ओवाळायला माहेर शिल्लक राहतं. तंटा नाही, तारीख नाही, वकील नाही. तिनं सही करायचं नाकारलं की मात्र तो ‘तंटा’ होतो, आणि तोही तिनं उकरून काढलेला. गावागावांतली निम्मीअधिक शांतता या बायकांच्या सह्यांवर आणि अंगठ्यांवर उभी आहे असं मला वाटतं. त्यांच्यातल्या एकीच्याही हाती त्यासाठी शाल-श्रीफळ आलेलं मी पाहिलेलं नाही.

काही भांडणं तर गावाची नसतातच, ती फक्त गावात येऊन बसतात. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि अंबड तालुक्यातल्या या गावाचं नाव देशभर गेलं. पुढच्या जूनमध्ये जवळच्याच वडीगोद्रीत ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण सुरू झालं. दोन्ही मंडपांतली माणसं एकाच पावसाकडे डोळे लावणारी. त्यांच्या मागण्यांचा निर्णय मुंबई-दिल्लीत व्हायचा, पण रामराम घालायचा की मान फिरवायची, हा निर्णय रोज सकाळी गावातच घ्यावा लागतो. तंटामुक्तीच्या वहीत यासाठी रकाना नाही. ‘त्यांच्या’ घरच्या मयतीला खांदा द्यायला गेलेला माणूस, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला विखारी मजकूर पुढे न ढकलता पुसून टाकणारा पोरगा, दुकानात विषय निघताच साखरेचा भाव विचारणारी बाई, यांना गुण कसे द्यायचे? जे घडलंच नाही त्याचा पंचनामा होत नाही.

तरी सत्कार होऊ नयेत असं मी म्हणणार नाही. एखाद्या म्हाताऱ्या पोलीस पाटलाच्या किंवा समितीच्या अध्यक्षाच्या खांद्यावर शाल पडते तेव्हा गावातल्या पोराटोरांना कळतं की मिटवणं हाही पराक्रम आहे. माझी तक्रार एवढीच आहे की व्यासपीठावर आपण मिटवणाऱ्याला बसवतो आणि सोडणाऱ्याला विसरतो. निवेदक मोठ्या आवाजात ‘वीस वर्षांचा वाद एका बैठकीत संपवला’ असं वाचतो. तो संपला म्हणजे नेमकं कोणाचं काय गेलं, हे एका ओळीत वाचायला कितीसा वेळ लागेल? आणि ज्याचं गेलं तो दुबळा असेल, तर ती ओळ वाचताना निवेदकाचा आवाज थोडा तरी अडखळेल.

टाळ्या वाजत असतात तेव्हा वाटेसाठी आठ फूट जमीन सोडणारा मागच्या रांगेत बसलेला असतो. तोडणी सुरू झाली की पहाटे पहिला टेम्पो त्याच आठ फुटांवरून जातो. तो बैल बाजूला घेतो आणि टेम्पो जाईपर्यंत कासरा धरून उभा राहतो.